मनगटाच्या जोरावर

वाचता वाचता एक करून पाहा. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा आणि पंजा अगदी ढिला सोडा, पुढे लोंबू द्या. बोटं सरळ होतील. आता बोटांना काही न सांगता फक्त मनगट मागे उचला. बोटं आपसूक आत वळतील आणि किल्ली धरताना टेकतो तसा अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकेल. तुमच्या हातात हे सदाच चालू असतं, पण तुमच्या हातांना बाकीचं इतकं काही येतं की याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या हातात एवढंच उरलंय. याच्यावर मी चमचा धरते, पोळीचा घास उचलते, फोन कानाला लावते आणि फळ्यावर मार्करने वर्तुळाच्या स्पर्शिका काढते. दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या हा माझा धंदा आहे आणि तो या एका मनगटावर चालतो.

कारण विचाराल तर ओढणी. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर मोटरसायकलच्या मागच्या चाकात ओढणी गुंतली, मान हिसक्यासरशी मागे खेचली गेली आणि मी डांबरावर. साडीगार्ड शोभेसाठी लावलेलं नसतं, एवढं सांगते आणि पुढे जाते. जमलेल्या लोकांनी माणुसकीनेच मला बखोटीला धरून उचललं आणि जीपमध्ये बसवलं. पडताना किती बिघडलं आणि उचलताना किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मानेला किंवा पाठीला मार लागलेल्या माणसाला बसवायचं नसतं, मुडपायचं नसतं. १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एकाने त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवायचं. हलवल्यावाचून गत्यंतरच नसेल तर डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकदम फळीवर घ्यायचं. आपल्याकडे मज्जारज्जूला इजा होणारे बहुतेक लोक झाडावरून, छतावरून, बांधकामावरून किंवा विहिरीत पडलेले असतात. त्याखालोखाल रस्त्यावरचे अपघात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दीड कोटींहून जास्त माणसं अशी इजा घेऊन जगताहेत.

माझ्या कागदावर ‘सी-६’ लिहिलंय. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू मणक्यांच्या पोकळीतून कमरेच्या वरच्या भागापर्यंत उतरतो आणि वाटेत त्यातून नसांच्या एकतीस जोड्या फुटतात. जिथे इजा होते त्याच्या खालचा कारभार बंद पडतो किंवा विस्कळीत होतो. सी-६ म्हणजे मानेतली सहावी पातळी शाबूत आणि त्याखालची नाही. खांदा चालतो, कोपर वाकतं, मनगट उचलतं. कोपर सरळ करणारा स्नायू सातव्या पातळीचा, तो गेला. बोटं आठव्याची आणि छातीतल्या पहिल्याची, तीही गेली. एकच पातळी खाली मार लागला असता तर मी हातांवर जोर देऊन खुर्चीतून अंग उचललं असतं. एक पातळी वर लागला असता तर मनगटही नसतं. शेजारशेजारच्या दोन मणक्यांत केवढा संसार मावतो, ते इस्पितळात पडल्यावर कळलं.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा संपायच्या आत विचारतो, “चालायला लागणार ना?” इजा अर्धवट असेल, म्हणजे खाली थोडी संवेदना किंवा हालचाल शिल्लक असेल, तर बरीच सुधारणा होऊ शकते; अशी माणसं चालतानाही मी पाहिली आहेत. इजा पूर्ण असेल तर शक्यता फार कमी. जे परतायचं त्यातलं बहुतेक पहिल्या सहा महिने ते वर्षात परततं. माझी पूर्ण आहे. हे सांगितलं की पाहुणे फिजिओथेरपीच्या खर्चाकडे वळतात. चालणारच नाही तर रोज व्यायाम कशाला?

या प्रश्नाला माझं उत्तर माझी बोटं आहेत.

अपघातानंतर महिन्याभरात मला भेटायला येणारी प्रत्येक बाई माझा पंजा मांडीवर घ्यायची आणि तेल लावून बोटं एकेक करून सरळ ओढायची. आखडू नयेत म्हणून. प्रेमच ते. आमच्या फिजिओ मॅडमनी एके दिवशी हे पाहिलं आणि पलंगाच्या दांड्याला कागद चिकटवला : ‘बोटे ओढू नयेत.’ सासूबाई बिथरल्या. “मालिश नको म्हणणारी ही कसली डॉक्टर?” मॅडमनी त्यांच्याच हातावर ते मनगटाचं दाखवलं. बोटं मिटणाऱ्या स्नायूंच्या शिरा (कंडरा) मनगटावरून जातात. त्या थोड्या तोकड्या असल्या तरच मनगट उचलल्यावर ओढ बसते आणि बोटं मिटतात. मनगट मागे आणि बोटंही सरळ असं रोज ताणत गेलं तर सैल नाडीचा पायजमा जसा कमरेवर राहत नाही, तशी पकड राहत नाही. मग बोटं छान सरळ दिसतात आणि एक चमचासुद्धा धरता येत नाही. म्हणून बोटं उघडायची तर मनगट खाली सोडून, आणि मनगट मागे घ्यायचं तर बोटं मिटलेली ठेवून. तळहातावर भार देऊन बसतानाही बोटं आत मुडपूनच. या पकडीला टेनोडेसिस म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईच पहारा देऊ लागल्या. माझ्या आत्याने तेलाची बाटली उघडली की त्या तिच्या पायाकडे बोट दाखवत, “तिकडे लावा, विहीणबाई.”

फिजिओथेरपी म्हणजे मालिश आणि हातपाय वर-खाली करणं, हा समज मोडायला मला हेच उदाहरण पुरतं. कुठला सांधा पूर्ण मोकळा ठेवायचा आणि कुठला मुद्दाम थोडा आखडू द्यायचा, हे पातळी बघून ठरतं. मांडीमागचे स्नायू मला भरपूर ताणावे लागतात, कारण पाय पसरून बसल्याशिवाय पलंगावरचं कुठलंच काम होत नाही. कंबर मात्र थोडी ताठच हवी; ती सैल पडली की मी घडी घातल्यासारखी पुढे कोसळते. युट्यूबवर ‘पॅरालिसिसचे व्यायाम’ बघून घरच्या घरी सुरू करणाऱ्यांना माझा हात जोडून विरोध आहे.

कोपर सरळ करणारा स्नायू नसताना हातावर भार कसा द्यायचा, हीही अशीच एक विद्या. हात मागे टाकायचा, खांद्यातून बाहेरच्या बाजूला फिरवायचा, पंजा टेकायचा आणि खांद्याच्या पुढच्या स्नायूने दाबायचं. कोपर आपोआप कुलूपबंद होतं. जमेपर्यंत मी बऱ्याचदा उशांवर आपटले. जमलं तेव्हा मी स्वतःच्या आधाराने बसले होते, आणि बसता येणाऱ्या माणसाशी लोक वेगळं बोलतात. आडव्या माणसाबद्दल बोलतात, बसलेल्याशी बोलतात. आमच्या घरात हा फरक एका दिवसात दिसला.

त्याआधी नुसतं उभं धरलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. पायांतल्या रक्तवाहिन्यांना आवळायचा निरोप मिळत नाही, रक्त खालीच साचतं आणि रक्तदाब ढासळतो. म्हणून टिल्ट टेबल : पट्ट्यांनी बांधून फळी अंशाअंशाने उभी करत जायची. पोटाला रुंद पट्टा आवळायचा. तो पट्टा मी अजून वापरते, कारण पोटाचे स्नायू नसल्याने बसल्यावर श्वास उथळ होतो आणि पट्ट्याने तो सुधारतो. खोकल्याचीही तीच गत. मला सर्दी झाली की आमचे हे बरगड्यांच्या खाली तळवा ठेवतात, मी तीन म्हणते आणि खोकते, ते त्याच क्षणी आत आणि वर दाबतात. नवराबायकोंत इतका ताळमेळ इतर वेळी क्वचितच असतो.

पुराणकाळात जायला नको. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशी बहुतेक माणसं वर्ष-दोन वर्षांत मरत, तीही मज्जारज्जूने नव्हे तर पाठीवरच्या जखमांनी आणि मूत्रपिंडाच्या संसर्गाने. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इस्पितळात लुडविग गुटमन यांच्याकडे जखमी सैनिकांचा विभाग आला. जर्मनीतून परागंदा झालेला हा ज्यू डॉक्टर मोठा हट्टी. रुग्णाची कूस दिवसरात्र दर दोन तासांनी बदललीच पाहिजे हा त्यांचा नियम. सैनिकांना त्यांनी नुसतं जगवलं नाही, कामाला आणि खेळाला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी त्यांनी चाकाच्या खुर्चीवरच्या सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिंपिक त्यातूनच वाढलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले, आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्यांच्यावर सिनेमा आल्यापासून मला ‘तुम्हीही पोहा की’ म्हणणारे भेटतात. त्यांचे हात शाबूत होते हो!

मला स्वतःला पेटकरांपेक्षा डॉ. मेरी वर्गीस जवळच्या वाटतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या या तरुण डॉक्टरला १९५४ मध्ये मोटार अपघातात कमरेखाली अपंगत्व आलं. त्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करायला शिकल्या, आणि शस्त्रक्रिया कसली, तर कुष्ठरोगाने लुळ्या पडलेल्या हातांची. चालू असलेल्या स्नायूची शीर बंद पडलेल्या बोटाला जोडायची. १९६६ मध्ये त्यांनी वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभी केली. शिरा जोडण्याच्या त्याच तत्त्वावर आज माझ्यासारख्यांच्या हातांवरही शस्त्रक्रिया होते आणि अंगठ्याची पकड घट्ट होते. मी अजून केलेली नाही. परीक्षांचा मोसम आणि हाताला कित्येक आठवड्यांचं प्लॅस्टर यांचं काही जमत नाहीये.

दिवसाचा मोठा भाग व्यायामात नाही, राखणीत जातो. कातडीला दुखत नाही म्हणून ती मरते. अंथरुणाची एक चुणी, खिशातली टाचणी, पँटची जाड शिवण, एवढ्यावर लाल डाग पडतो आणि लक्ष गेलं नाही तर त्याचं हाडापर्यंत भोक होतं. सोलापूरची असूनही मी सोलापुरी चादरीवर झोपत नाही. तिची जाड वीण अंगावर नक्षीसकट उमटते. ती पांघरायला उत्तम. खाली धुऊन मऊ पडलेली सुती चादर, ताणून. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी मांड्यांवर पुढे वाकायचं, दोनेक मिनिटं तसंच राहायचं, म्हणजे बैठकीखाली रक्त फिरतं. माझ्या विद्यार्थ्यांना हे पाठ झालंय. मी वाकले की ते समजतात, आता दोन मिनिटांत गणित सुटलं पाहिजे. रात्री आरसा आणि फोनचा टॉर्च घेऊन माझी मुलगी पाठ आणि टाचा तपासते. आरसा हे आमच्या घरातलं सगळ्यात महत्त्वाचं वैद्यकीय उपकरण आहे.

लघवीचं बोलू, कारण कुणी बोलत नाही. ज्यांचे हात चांगले आहेत त्यांना दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकवतात आणि तीच पद्धत सर्वांत चांगली. माझ्या बोटांना ते जमत नाही, म्हणून बेंबीच्या खालून थेट मूत्राशयात कायमची नळी आहे आणि ती ठरावीक आठवड्यांनी बदलतात. शौचाची वेळ रोज एकच, न्याहारीनंतरची, कारण पोटात अन्न पडलं की आतडं हलतं. वेळ पाळली की फजिती टळते. आणि बायकांना कुणी सांगत नाही ते : पाळी काही महिने थांबली तरी बहुधा पुन्हा सुरू होते, मूल होऊ शकतं. त्याविषयी डॉक्टरांना निःसंकोच विचारा. ते आपणहून काढतीलच असं नाही.

आता एक धोका, जो खेडोपाडीच्या डॉक्टरांनाही माहीत असेलच असं नाही. इजा छातीतल्या सहाव्या पातळीला किंवा तिच्या वर असेल तर खाली काहीही खुपलं, तुंबलं, की शरीर आंधळेपणाने रक्तदाब चढवतं. माझा नेहमीचा वरचा आकडा नव्वद-शंभरच्या घरात असतो. एका रात्री डोकं फुटेल असं दुखायला लागलं, चेहरा लालबुंद, मानेवर घाम, हातांवर काटा. यंत्राने एकशे साठ दाखवले. शेजारच्या काकू म्हणाल्या, पडून राहा, कपाळाला बाम लावते. आडवं होणं हीच यात घातक गोष्ट. ह्यांनी मला ताठ बसवलं, पाय खाली सोडले, पट्टा ढिला केला आणि नळी चाचपत गेले. ती मांडीखाली दुमडली होती. सरळ केली आणि काही मिनिटांत आकडा उतरला. मूत्राशय, मग शौच, मग कातडी, या क्रमाने कारण शोधायचं; नाही सापडलं तर तडक इस्पितळ, कारण मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. याचं नाव ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. चिठ्ठीवर लिहून खुर्चीला अडकवून ठेवा, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना सांगत बसायला नको.

उन्हाळा हे आमचं दुसरं संकट. इजेच्या खाली घाम येत नाही आणि सोलापूरचा मे महिना चाळीसच्या पलीकडचा. मी सकाळी सातला शिकवणी घेते, मांडीवर ओला पंचा, हाताशी झाडांना मारायचा फवारा. पोरं एकमेकांवरही मारतात. चालायचंच.

व्यायाम रोजचा नाही. मज्जारज्जूच्या इजेसाठी २०१८ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात : तंदुरुस्तीसाठी आठवड्यातून निदान दोनदा वीस मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. मी हातांनी फिरवायची सायकल फिरवते, पंजे तिच्या दांड्यांना क्रेप बँडेजने बांधून. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा आहे, तो मनगटात अडकवून मागे खेचते. पुढे ढकलण्याचा व्यायाम मॅडम फारसा देत नाहीत. खुर्ची ढकलून पुढचे स्नायू तसेही राबतात, खांदा टिकवायचा तर मागचे बळकट हवेत. चालणाऱ्यांचे गुडघे जातात, आमचे खांदे. खुर्चीही मापाची हवी. इस्पितळात असते तसली रुंद घडीची खुर्ची घेतली की माणूस एका कुशीवर कलंडून बसतो आणि वर्षभरात पाठ वाकडी.

पैशांचं सांगते. आम्हीही एका ठिकाणी गेलो होतो, जिथे मूळपेशींच्या इंजेक्शनांनी बोटं हलतील असं सांगत होते. आकडा ऐकून सासऱ्यांनी शेत विकायची भाषा काढली. आमच्या मॅडमनी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून आणून त्यांच्यापुढे ठेवली : मज्जारज्जूच्या इजेवर हा मान्य उपचार नाही, तो फक्त मंजूर चाचणीत देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. शेत राहिलं. त्यातल्या एका हंगामाच्या पैशांत उंबरठा काढला, न्हाणीघराचं दार रुंद केलं आणि दारात उतार बांधला. उताराचं माप लक्षात ठेवा : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. गवंडी सहा फुटांत बसवतो म्हणेल. ऐकू नका.

हे सगळं मी फोनला बोलून लिहिलं. मी ‘मणका’ म्हटलं की तो ‘मनुका’ लिहितो, तेवढं मुलीने दुरुस्त केलंय.

तुमच्या ओळखीत कुणी असा पडला असेल तर त्याच्या घरच्यांना सांगा की फिजिओथेरपी घरी गेल्यावर सुरू होत नाही, अतिदक्षता विभागातच सुरू होते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या इस्पितळांत फिजिओथेरपीचा विभाग असतो. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, आजी-माजी सैनिकांसाठी पुण्यात खडकीला केंद्र आहे. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड लवकर काढा. सवलती, खुर्ची, नोकरीतलं आरक्षण, सगळं त्यावर अडतं. आणि डॉक्टरांना चार गोष्टी विचारा : पातळी कुठली, इजा पूर्ण की अर्धवट, कूस आणि नळी कशी सांभाळायची ते आम्हाला कोण शिकवणार, आणि मापाची खुर्ची कुठे मिळेल. डिस्चार्जच्या दिवशी घाईत नाही, भरती झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच विचारा.